कारवानी कुत्री आणि सासूबाईंच्या कोंबड्या

कोंबडीची मान मोडते तेव्हा वाळली तुराटी मोडल्यासारखा आवाज येतो. पन्नाशी उलटेपर्यंत मला हे माहीत नव्हतं. कोंबडी कापताना लहानपणापासून बघितली होती, पण कापणं वेगळं. त्यात माणूस असतो, सुरी असते, कोणीतरी पाहुणा आलेला असतो. आमच्या अंगणात त्या सकाळी जे झालं त्यात कोणाच्या जेवणाचा संबंध नव्हता.

मी मोसंबीत ठिबकच्या नळ्या बघत होतो. आधी एक आवाज आला, मग दुसरा, मग बायकोची किंकाळी. पळत आलो तर अंगणभर पिसं उडत होती आणि आमची कुत्री त्या पिसांमधून अशी फिरत होती की ती पळतेय की तरंगतेय कळत नव्हतं. एक कोंबडी धरायची, मान एकदा झटकायची, टाकायची, आणि ती जमिनीवर पडायच्या आत दुसरीवर. खात एकीलाही नव्हती. गळ्यात चावून तोडलेल्या दोरीचा तुकडा लोंबत होता.

बायको झाडू घेऊन तिच्यामागं धावत होती आणि ओरडत होती, "काळी! काळीला सोड! अहो, काळीला धरलं हो तिनं!"

काळी कोंबडी अंगणात नव्हतीच. ती आत कोपऱ्यात टोपल्यात अंड्यांवर बसली होती. खुडूक कोंबडी जागची हलत नाही. कुत्री आत शिरली, तिला टोपल्यातून ओढून उंबऱ्यावर आणलं आणि तिथंच संपवलं. मी कुत्रीला मानेला धरून जमिनीवर दाबलं तेव्हा तिचं हृदय माझ्या गुडघ्याखाली इतक्या जोरात उडत होतं की मलाच धाप लागली. तिच्या नजरेत राग नव्हता. माझ्याकडं ती बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडं, अजून फडफडणाऱ्या एका कोंबडीकडं बघत होती.

हे सगळं कसं जमून आलं ते सांगायला हवं.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, शहागडपासून थोडा आत, गोदावरीच्या अंगाला. मोसंबीची बाग, पुढं मका, मक्याला लागून शेजाऱ्याचा ऊस. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा नोकरीला पुण्यात लागला, तसं आम्ही गावातलं घर बंद केलं आणि मी, बायको आणि माझे वडील असे तिघं शेतातच राहायला आलो. शेजारचा ऊस म्हणजे रानडुकरांचं घर. दिवस कलला की ती कळपानं मक्यात यायची. कणसं खायची त्याच्या दसपट ताटं आडवी करायची, आणि तहान लागली की ठिबकच्या नळ्या चावून ठेवायची. फटाके फोडून झाले, जुन्या साड्या बांधून झाल्या. डुकरं साड्यांना सरावली.

शहागडचा माझा एक दोस्त ट्रक चालवतो. शाळेपासूनची दोस्ती. त्यांच्या घरी उर्दू बोलतात, माझ्याशी बोलताना तो निम्मं मराठी निम्मं दखनी बोलतो. तो म्हणाला, "कुत्रं ठेव भाई. पण गावठी नको, नुसतं भुंकतं ते. कारवानी ठेव, शिकारीची जात आहे." सोलापूरच्या पलीकडून माल घेऊन येताना एका धनगराकडून त्यानं ही कुत्री आणली. तांबूस रंग, लांब निमुळतं तोंड, पोट पाठीला चिकटलेलं, आणि पाय असे की उभी असली तरी निघाल्यासारखी वाटायची. केबिनमधून खाली उतरवताना दोस्त म्हणाला, "एक बात आधीच सांगून ठेवतो. पळती चीज दिसली की इसके कान बंद. मंग तू बोंबलून राह्यला तरी तिला ऐकू येत न्हाई."

डुकरांचा बंदोबस्त तिनं चोख केला. ती बागेतून एकदा सुटली की डुकरं उसात परत जायची, आणि महिनाभरात मक्याच्या वाटेला कमी येऊ लागली.

कोंबड्या बायकोच्या. खरं म्हणजे तिच्या आईच्या. सासूबाई भोकरदनकडच्या एका खेड्यात राहायच्या. त्या गेल्यावर दहाव्याच्या दिवशी बायकोची भावजय म्हणाली, घाण करतात, विकून टाकू. बायको काही बोलली नाही. परत येताना ती माझ्यामागं मोटारसायकलवर बसली तेव्हा तिच्या मांडीवर एक डालगं होतं, वरून फडकं बांधलेलं, आणि आत सासूबाईंच्या कोंबड्या. जालन्यापर्यंत आणि तिथून पुढं शहागडपर्यंत ती डालग्यावर हात ठेवून होती. काळी त्यातलीच. सासूबाई शेवटच्या दिवसांत बाजेवर असायच्या तेव्हा ही काळी बाजेखाली बसायची. बायकोनं आईचं दुसरं काही मागितलं नव्हतं.

तर त्या सकाळी कुत्रीला मी साखळीनं लिंबाला बांधलं. बायकोनं काळीखालची अंडी हातात घेऊन बघितली. ऊब होती. तिनं ती उरलेल्या एका कोंबडीखाली सरकवली, तिला फडक्याखाली झाकून ठेवलं, आणि मग बाहेर येऊन मेलेल्या एकेकीचे पाय धरून ओळीनं मांडायला लागली.

वडील तोवर बाजेवर बसून होते. ऐंशीकडं झुकलेला माणूस, आयुष्यभर जनावरांत गेलेला. ते म्हणाले, "एक मेलेली कोंबडी तिच्या गळ्यात बांध. सडून पडंपर्यंत काढू नको. आपोआप शिसारी बसती."

त्यांनी स्वतःच काळीला उचललं, कारण ती सगळ्यात जवळ पडली होती. सुतळीनं कुत्रीच्या गळपट्ट्याला तिचे पाय करकचून बांधले, आणि मग बैलाचा कासरा दुहेरी करून कुत्रीच्या पाठीवर ओढला. पुन्हा ओढला. प्रत्येक वेळी कोंबडीचं डोकं तिच्या नाकावर आपटायचं. कुत्री ओरडली नाही. चारही पाय पोटाखाली घेऊन ती जमिनीला चिकटली आणि डोळे मिटून राहिली. हात दुखेपर्यंत वडिलांनी मारलं, मग कासरा टाकला आणि तोंड धुवायला गेले.

ते दिवस भादव्याच्या उन्हाचे होते. दुसऱ्या दिवशी माशा आल्या. तिसऱ्या दिवसापासून लिंबाकडं जाववेना. कुत्री पाण्याला तोंड लावायला जायची तर तो लगदा आधी पाण्यात पडायचा. ती पाणी प्यायची बंद झाली. कासऱ्याचं टोक छातीवर बसून उघड्या पडलेल्या जागेत अळ्या दिसायला लागल्या. वडील म्हणत होते, "राहू दे. दवा कडूच असती."

बायको घरातून विळा घेऊन निघाली. मला वाटलं, ही कुत्रीला काहीतरी करते. मी उठलो. ती लिंबाखाली गेली, नाकाला पदर लावला, एका हातानं कुत्रीचं तोंड बाजूला ढकललं आणि सुतळी कापली.

वडील म्हणाले, "आगं, काय करून राह्यली?"

"मामा, ही माझ्या आईची कोंबडी आहे," ती म्हणाली. "कुत्रीचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या आईची कोंबडी सडू देणार न्हाई मी."

तिनं विहिरीमागं खड्डा खणला आणि काळीला पुरलं. कुत्रीकडं तिनं वळूनही पाहिलं नाही. जखमांत औषध मी भरलं.

शिसारी वगैरे काही बसली नाही. अंगावरचे वळ सुकले त्याच आठवड्यात एक कोंबडा लिंबाच्या बाजूनं गेला तशी साखळी ताणली जाऊन खणखणली. फरक एवढाच पडला की आता वडील दिसले की ती खाली बसायची. कोंबड्यांबद्दल ती काहीच शिकली नव्हती. वडिलांबद्दल शिकली होती.

मग आम्ही तोंडी करार केला. कुत्री सुटी तेव्हा कोंबड्या खुराड्यात, कोंबड्या बाहेर तेव्हा कुत्री साखळीला. सोपं वाटतं. पण घरात तीन माणसं, एक दार, आणि शेतातली कामं. कोणीतरी कोणाला तरी सांगायचं राहतं.

एक दिवस मी तिला बागेत फिरवून परत आणत होतो. हातात साखळी होती, पण सैल. खुराडं बंद आहे असं मी धरून चाललो होतो. बायको उरलेल्या कोंबड्यांना भरडा टाकत होती. सासूबाईंकडून आलेला तुऱ्याचा कोंबडा अंगणाच्या कडेनं एकदम पळाला. साखळी माझ्या मुठीतून गेली ती कातडी सोलूनच. कोंबडा उडाला, कुत्री उडाली, दोघं भिंतीपाशी खाली आली. मी मागून जाऊन तिचा गळपट्टा धरला आणि मागं ओढलं, तसा कोंबडा निसटला.

ती वळली आणि माझा हात धरला.

कोपराच्या खाली, दोन्ही बाजूंनी दात गेले. मला आधी दुखलं नाही, नुसता दाब जाणवला, अडकित्त्यात बोट सापडावं तसा. मग हाडाला काहीतरी लागल्याचं कळलं. मी तिचं नाव घेऊन ओरडलो. तिनं कोंबड्याची मान जशी झटकावी तसा माझा हात झटकला. मांस फाटलं ते मी बघितलं. रोज माझ्या हातची भाकरी खाणारं जनावर, पण त्या क्षणी तो हात कोणाचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

बायकोनं खोऱ्याचा दांडा तिच्या कमरेत घातला. एक, आणखी एक. तिसऱ्याला कुत्री सुटली, लंगडत लिंबाखाली गेली आणि तिथून माझ्याकडं बघायला लागली. आता तिनं मला ओळखलं होतं. शेपटी हलवत होती. तोंडाला माझं रक्त होतं.

तेवढ्यात वडील कुऱ्हाड घेऊन बाहेर आले.

"सरका," ते म्हणाले. "आज खांडोळीच करतो हिची."

मी मधे उभा राहिलो. हातातून रक्त गळत होतं आणि मला घेरी येत होती. "दादा, कुऱ्हाड खाली ठेवा."

"मालकाला चावलेलं कुत्रं ठेवायचं नसतं. आपल्या घरात आजवर ठेवलं न्हाई."

"ठेवा म्हणतो ना खाली!"

त्यांनी मला डाव्या हातानं ढकललं. मी पडलो. त्यांनी कुऱ्हाड उचलली, कुत्री त्यांना बघून सवयीनं खाली बसली, मान पुढं काढून. एका घावाचं काम होतं. बायकोनं मागून येऊन खोऱ्याचा दांडा आडवा धरला आणि कुऱ्हाड त्याच्यावर बसली. दांड्याचा ढलपा उडून तिच्या गालाला लागला.

"मका उभा आहे, मामा," ती म्हणाली. तिचा श्वास फुलला होता. "कुत्री मारली तर डुकरं आठ दिवसांत सगळा आडवा करतील. मका निघू द्या. मंग तोडा, न्हाईतर पोळीतून औषध घाला. मी न्हाई म्हणणार न्हाई."

वडिलांनी दांड्यातून कुऱ्हाड उपसली. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवून आत गेले. असा आमच्या घरात निकाल झाला. मका निघेपर्यंत कुत्रीला मुदत. माझ्या हाताला टाके पडले, कुत्र्याची इंजेक्शनं सुरू झाली, आणि लिंबाला लोखंडी कडी ठोकून तिला दुहेरी साखळी लागली. बायको तिच्यापुढं भाकरी टाकायची ती लांबून, पायानं सरकवून.

कणसं वाळत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळची आठ-साडेआठची वेळ, लख्ख ऊन. बायको मक्याच्या बांधावर गवत कापत होती. मी बागेच्या कडेला होतो. मक्यात सळसळ झाली, मला वाटलं वारा. मग ताटं मोडत काहीतरी सरळ रेषेत बांधाकडं आलं.

एकटाच नर होता. केवढा होता ते सांगत नाही, भीतीनं माणूस वाढवून सांगतो. बायको उठेपर्यंत त्यानं तिला उडवलं होतं. ती बांधाखाली पडली, विळा कुठं गेला कळलं नाही, आणि डुक्कर वळून परत तिच्यावर आलं. तिनं पाय वर घेतले. त्यानं खालून मुसंडी मारली आणि तिचा आवाज आला तो मी आजही कोणाला करून दाखवू शकत नाही.

मी बायकोकडं पळालो नाही, लिंबाकडं पळालो. लिंब जवळ होता आणि माझा एक हात अजून धड नव्हता. कुत्री आधीच साखळी ताणून मागच्या पायांवर उभी होती. कडी काढली. पुढचं मला नीट दिसलंच नाही, फक्त तांबडी रेघ गेल्यासारखी दिसली.

तिनं त्याचा कान धरला. डुकरानं तिला तिथून मक्यात फरफटत नेलं आणि परत बाहेर आणलं. ती सुटत नव्हती. त्यानं डोकं खाली घालून सुळा वर मारला, तिचं अंग उचललं गेलं, पोटाकडून फाटल्याचा आवाज आला, गोणपाट टरकवावं तसा. तरी कान तिच्या दातांत होता. मी फावडं घेऊन पोचलो आणि डुकराच्या पाठीत घातलं. पुन्हा घातलं. शेवटी कानच तुटला. डुक्कर उसात गेलं. कुत्री कानाचा तुकडा तोंडात घेऊन त्याच्यामागं निघाली, चार पावलं गेली आणि स्वतःच्याच आतड्यांवर तिचा पाय पडला. ती खाली बसली.

बायको बांधाखालून उठली होती. मांडीवरून साडी फाटून लाल झाली होती. तिनं पदर कमरेचा सोडला, कुत्रीजवळ बसली, बाहेर आलेलं सगळं दोन्ही हातांनी गोळा केलं, माती लागलेली तशीच, आत ढकललं आणि वरून पदर दाबून धरला.

"भाईला फोन लावा," ती मला म्हणाली. "जल्दी."

दोस्त घरीच होता. त्यानं भावाची पिकअप काढली आणि बांधापर्यंत आणली. बायकोला पुढं बसायला सांगितलं तर ती म्हणाली, हात काढला तर पोट उघडंल. मग ती मागंच बसली, कुत्री मांडीवर, दोन्ही हात पोटावर. मी तिला धरून. गाडी खड्ड्यात आपटली की दोघींच्या तोंडातून सारखाच आवाज निघायचा.

जनावरांचा दवाखाना रस्त्यात आधी लागला. डॉक्टरांनी कुत्रीला टेबलावर घेतलं, बायकोचे हात बाजूला करून स्वतःचे लावले आणि मग खाली बघून म्हणाले, "ताई, हे रक्त कुत्रीचं नाहीये."

फरशीवर तिच्या पावलांखाली थारोळं झालं होतं. तिनं वाकून पाहिलं आणि तिथंच बसली. मांडीला बोटभर खोल जखम. तिला माणसांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. एका दिवसात माझ्या घरातल्या दोघींना टाके पडले, आणि माझे अजून काढले नव्हते.

दोस्त दवाखान्यात तिच्या खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "भाभी, जानवरनं नमक का हक अदा किया. आप उसको मारके निकालनेवाले थे, और उसने जान बचाई."

बायकोला गुंगी होती, तरी ती हसली. "नमक-बिमक काही न्हाई भाई," ती म्हणाली. "तिला डुक्कर दिसलं. मी मधी होते."

 पण गावात गोष्ट पसरली ती दोस्ताच्या तोंडची. कुत्रीनं मालकिणीसाठी पोट फाडून घेतलं. लोक बघायला यायचे, कोणी दूध आणायचं, कोणी डोक्याला हात लावून पाया पडल्यासारखं करायचं. सगळ्यात जास्त बदलले ते वडील. ते तिच्याजवळ बाज टाकून बसायला लागले. तिच्या पोटावरच्या माशा उपरण्यानं हाकायचे. ज्या हातानं कासरा ओढला त्याच हातानं दूधभाकरी कुस्करून भरवायचे.

ओसरीवर एका कडेला बायको बाजेवर, दुसऱ्या कडेला कुत्री पोत्यावर. कोंबड्या दोघींच्या मधून फिरायच्या. कुत्रीच्या अंगात त्राण नव्हतं. एक कोंबडी तिच्या तोंडापुढचे भाकरीचे कण टिपून गेली, तिनं डोळासुद्धा उघडला नाही. वडील म्हणाले, "बघ. रक्त गेलं, खोड गेली. शहाणी झाली पोरगी."

मी साखळी काढू दिली नाही. कारण मी बाजूनं बघत होतो. डोळे मिटलेले असायचे, पण कोंबडी जवळून गेली की कानाच्या मुळाशी एक शीर हलायची.

मका निघाला. मळणीयंत्र आलं, पोती भरली, ताटांच्या पेंढ्या रचल्या. ठरलेली मुदत संपली, पण कुऱ्हाडीचं नाव कोणी काढलं नाही.

त्याच आठवड्यात मी पोती घालायला जुन्या जालन्यात आडतीवर गेलतो. बायको काठी धरून चालायला लागली होती. पुढचं तिनं सांगितलं. वडील दुपारी उठले, कुत्रीजवळ गेले आणि म्हणाले, "तुझं रक्त सांडलं या घरासाठी, आन् आम्ही तुला चोरासारखं बांधून ठेवलंय." त्यांनी साखळी सोडली. बायको चुलीपाशी होती. ती "मामा, न्हाई!" म्हणेपर्यंत उशीर झालता.

कुत्री उठली, अंग ताणलं, आणि ओसरीवरून उडी मारली. तुऱ्याचा कोंबडा पहिला. त्यानं पंख उभारून तिच्या तोंडावर नख्या मारल्या, तिच्या भुवईवर चीर पडली, पण त्याची मान मोडलेली होती आणि हे त्याला अजून कळलं नव्हतं. मग कबरी कोंबडी, मग दोन कोवळ्या तलंगा. पोटाचे खालचे दोन टाके उसवले, तिथून रक्त टपकत होतं आणि त्या रक्ताचा ओघळ काढत ती अंगणभर कोंबड्या मोडत फिरली. बायकोनं काठी टाकून, लंगडत, उरलेल्या कोंबड्या कशाबशा खोलीत कोंडल्या.

मी आलो तेव्हा वडील अंगणात मातीत बसले होते. मांडीवर तुऱ्याचा कोंबडा. ते रडत होते. माझी आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. कुत्री त्यांच्या शेजारीच बसली होती, धापा टाकत, एकदम समाधानी, आणि अधूनमधून त्यांचा हात चाटत होती. वडील तो हात बाजूला घेत नव्हते.

"मारतो का हिला आता?" त्यांनी मला विचारलं. "मार. मी न्हाई म्हणत न्हाई."

मी बायकोकडं बघितलं. तिच्या आईच्या डालग्यातली आता एकच कोंबडी उरली होती, आणि काळीच्या अंड्यांतून निघालेली चार पिल्लं.

"तिची चूक काय त्याच्यात?" बायको म्हणाली. "साखळी तिनं सोडली का? कोंबड्या आईच्या आहेत, तिच्यामुळं वाचला तो पाय माझा आहे. कोंबड्याही राहू द्या, कुत्रीही. उद्या जाळी आणा."

"जाळीचं काय, ती उड्या मारती," मी म्हणालो.

"मंग उंच आणा."

हायवेवर एक वेल्डिंगवाला आहे, ट्रकच्या बॉड्या जोडतो. त्यानं आमचं अंगण मोजलं आणि डोक्याच्या वर हातभर जाईल अशी जाळी लोखंडी अँगलवर बसवून दिली. अंगणाचे दोन भाग झाले. विहिरीकडचा कोंबड्यांचा, बागेकडचा कुत्रीचा. बायकोनं एका दाराचं ऐकलंच नाही. दोन दारं, मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खिळा तापवून तिनं लाकडी फळीवर डाग दिला, लिहून नाही, नुसती आडवी रेघ, कडी लावल्याची खूण, आणि ती फळी वडिलांच्या दाराजवळ टांगली. वडिलांनी त्या दिवसापासून दाराला हात लावला नाही. ते लांबून ओरडतात, "दार बघा रे!"

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. कुत्री जाळीवर आपटायची. नाक फुटायचं, रक्त जाळीला लागायचं, पुन्हा मागं जाऊन पुन्हा आपटायची. कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं. तिला पलीकडची हालचाल दिसायची तोवर ती थांबणार नव्हती, म्हणून खालच्या अर्ध्या भागाला आम्ही हिरवी शेडनेट बांधली. त्यानंतर आपटणं कमी झालं. तरीही एक दिवस चारातलं एक पिल्लू शेडनेटखालून डोकं घालून पलीकडं गेलं. त्याचे दोन पाय तेवढे आमच्या बाजूला राहिले. मग खाली पत्रा पुरला.

त्याला आता काही वर्षं झाली. तीन पिल्लांच्या पुढं पिढ्या झाल्या, त्यात काळ्या पुष्कळ निघतात. दोस्तानं एकदा विचारलं होतं, धनगराकडं परत सोडून येऊ का. बायको म्हणाली, तिथं कोणाच्या कोंबड्या नसतील कशावरून. कुत्रीला ती आता हातानं भाकरी देते. पण तिच्याशी बोलताना आवाजात लाड नसतो. शेजारच्या बाईशी बोलावं तसं बोलते, जिच्याशी एकदा मोठं भांडण होऊन मिटलं आहे.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला होता. कुत्री म्हातारी झालीय, तोंड पांढरं पडलंय, डोळ्यांत मोतीबिंदू. तो म्हणाला, "आई, आता कशाला हे दोन दारांचं? तिला धड दिसत पण नाही. सोड ना तिला उन्हात सगळ्यांबरोबर."

"डोळे गेलेत," बायको निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली. "नाक न्हाई गेलं."

तो हसला आणि मधल्या जागेत जाऊन उभा राहिला, दुसऱ्या दाराच्या कडीवर हात ठेवून. पहिलं दार त्यानं लावलंच नव्हतं, आणि त्या दाराअलीकडं, त्याच्या पायाशी, कुत्री झोपली होती. जाळीपलीकडं एका कोंबडीनं अंडं घातलं आणि ती ओरडत बाहेर आली. कुत्री उठली नाही, डोळेही उघडले नाहीत. पण तिचा वरचा ओठ दातांवरून हळूच मागं गेला, आणि पाठीपासून मागच्या पायांपर्यंत कातडीखालून काहीतरी सरकत गेलं. मुलगा ते बघत राहिला. मग त्यानं कडीवरचा हात काढला, मागच्या मागं बाहेर आला आणि पहिलं दार लावून घेतलं.